‘हो, हेच’ म्हणेपर्यंत

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून आधीच सांगून टाकते. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण हेवा काही म्हातारा व्हायला तयार नाही. आमच्याकडे मासे घेऊन येणारी बाई पाटी उतरवते ती माझ्या पायरीवर आणि हाक मारते ती वरच्या मजल्यावर. "धाकटे बाय, मुडदुशे आणलेत गो! तुझ्यासाठी राखून ठेवलेत!" मी समोर उभी असते, हातात ताट घेऊन. मला काय मिळतं? बांगडे. तेही कसे, तर डोळे लाल झालेले.

आणि ही धाकटी बाय कोण? कोल्हापूरकडची. लग्न होऊन रत्नागिरीत आली तेव्हा तिला बांगडा आणि सुरमई ह्यांतला फरक कळत नव्हता. पहिल्या वर्षी तिने माशाच्या आमटीत आमसुलं सोडून टोमॅटो घातले. टोमॅटो! मी लांज्याकडची, जन्मापासून आंबट-तिखटाची जाण असलेली. मी तेव्हा जेवणावरून न उठता मुकाट जेवले, ह्याचं मला अजून कौतुक वाटतं. दुसऱ्या कोणाला वाटलं नाही. सगळे तिलाच म्हणाले, "असू दे गो, शिकशील." ती शिकलीही. इतकी शिकली, की तिच्या डब्यांना आज अर्ध्या गावात मागणी आहे. इस्पितळातल्या नर्सबाया, बँकेतले एकटे राहणारे, बंदरावरचे परगावचे लोक, सगळे तिचेच डबे खातात. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही.

पण मासे आणि डबे ह्यांवरून मी इतकं लिहायला बसले नसते. गोष्ट पक्षाची आहे.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे पक्षाची कचेरी. माझे सासरे, म्हणजे मामंजी, ह्या पक्षाचे इथले पहिले अध्यक्ष. पक्ष मधला. कोणाच्या देवाधर्मात नाक खुपसायचं नाही, ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं, धंदा करणाऱ्याला करू द्यायचा आणि गरिबाला वाऱ्यावर सोडायचं नाही, असं सगळं पक्षाच्या जाहीरनाम्यात. गावात लोक म्हणायचे, "तुमचा पक्ष म्हणजे आमसुलाचं सार. प्रकृतीला उत्तम, पण पोट कुठे भरतं?" मामंजी हसायचे. दुसऱ्याने केलेली चेष्टा ऐकून घेणं हेही त्यांच्या पक्षाच्या तत्त्वांतच बसत असावं.

मी लग्न होऊन आले तेव्हा दारावर एक पाटी होती. पुढे पक्ष एका मोठ्या आघाडीत विलीन झाला, तेव्हा मामंजींनी ती पाटी उलटी करून मागच्या बाजूला नवं नाव रंगवून घेतलं. आघाडी फुटली, तेव्हा पाटी पुन्हा सुलटी. मग राज्यातल्या दुसऱ्या एका मधल्या पक्षाशी लग्न लागलं, त्याच्याशीही फारकत झाली, कारण खरा मधला कोण ह्यावरून भांडण! मामंजी म्हणायचे, "मध्य कुठे आहे हे आपल्या हातात नसतं. दोन्ही टोकं सरकतात तसा तो सरकतो. आपण आपल्या खुर्चीवर बसलेलो असतो आणि एक दिवस कळतं, की आपल्याला लोक डावे म्हणायला लागले. पुढच्या वर्षी उजवे." त्या पाटीवर इतक्या वेळा रंग चढला, की शेवटी ती जड झाली आणि खिळा निसटला. आता ती कपाटाच्या वर असते.

पहिल्यांदा आघाडीत गेले त्या वेळच्या फुटीतूनच मामंजींनी एक रीत घातली. झालं असं, की आघाडीत जायचं की नाही ह्यावरून त्यांचा एक जिवलग मित्र पक्ष सोडून गेला. समोरच्याच गल्लीत त्याने दुसरी कचेरी उघडली. कितीतरी वर्षं दोघं बोलले नाहीत. मग हातखंब्याला कोणाच्यातरी लग्नात दोघं एकाच पंगतीत समोरासमोर आले, पानावर बसल्या बसल्या बोलायला लागले आणि त्यांना कळलं, की दोघांचं म्हणणं जवळजवळ एकच होतं. फक्त एकाने दुसऱ्याचं कधी पुरतं ऐकलंच नव्हतं. मामंजी घरी आले ते ताप आल्यासारखे. पुढच्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, ह्यापुढे कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी उलटी बाजू मांडायची. म्हणजे ज्याला जी गोष्ट पटत नाही, त्यानेच उभं राहून ती पटवून द्यायची. आणि ज्याची ती बाजू आहे तो माणूस "हो, हेच" म्हणेपर्यंत खाली बसायचं नाही.

तुम्हाला वाटेल, किती छान. छान कसलं! एकेका ठरावाला दुपारची संध्याकाळ व्हायची. मी आतून चहावर चहा करत होते, मला विचारा. आमच्यातले एक जुने सभासद, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांचा बंदरावर बर्फाचा धंदा. तरुणपणी आखातात राहून आलेले, तोंडाने फटकळ. ते म्हणायचे, "ह्याच्यामुळेच आपण निवडणुका हरतो. बाकीचे पक्ष सभेत विरोधकाची लायकी काढतात. आपला माणूस विरोधकाचं म्हणणं विरोधकापेक्षा चांगलं सांगतो. लोक म्हणतात, मग त्यालाच देऊ मत!" सगळे हसायचे. आणि पुढच्या बैठकीला पुन्हा उलटी बाजू मांडायचे.

चहा करता करता मी दारात उभी राहून ऐकायला लागले. मग दाराच्या आत आले. मग एकदा मामंजींनी मला विचारलं, "सूनबाई, तुझं काय मत?" बस्स. त्या दिवसापासून पक्षाची पत्रकं मी लिहिली, सभांना माणसं मी गोळा केली, एसटीने वाड्यावाड्यांत मी हिंडले. मामंजी गेले तरी मी थांबले नाही. निवडणूक आली की उमेदवार कोणीतरी पुरुष, भाषण लिहून देणारी मी, आणि पडला की त्याची समजूत काढणारीही मीच. मला काही म्हणायचं नव्हतं. पण एकदा तरी, एकदाच, नगरपालिकेच्या त्या सभागृहात मला जाऊन बसायचं होतं. गाडी नको, हार नकोत. खुर्चीत बसून "माझं मत वेगळं आहे" एवढं म्हणायचं होतं मला.

आणि ती वेळ आली. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघाली, आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. त्यातून मोठ्या पक्षांचं एकमेकांशी फाटलेलं, सगळे स्वतंत्र लढणार, मतं इकडेतिकडे जाणार. चाचा म्हणाले, "ह्या वेळेला मधल्याला जागा आहे." मी त्या दिवशी कपाट उघडून अर्ज भरायला जाताना नेसायची साडीसुद्धा बाजूला काढून ठेवली. हिरवी, बारीक काठाची.

दोन दिवसांनी चाचाच आले. पायरीवरच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "वहिनी, रागावू नका. लोक धाकट्या वहिनींचं नाव घेतायत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणजे कोण लोक? तिचे डबे खाणारे? अहो, ती पक्षात आली कधी? तिच्या डब्यांच्या गाडीला पोलिसांनी रस्त्यावर उभं राहू दिलं नाही म्हणून तक्रार घेऊन बैठकीला आली आणि मग येतच राहिली. तिचं माहेर तर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच पक्षाचं! मी आमच्या ह्यांना म्हटलं, "ऐकलंत का?" आमचे हे पेपरात डोकं घालून म्हणाले, "दोघी बसून ठरवा की. तिचंही बरोबर आहे, तुझंही बरोबर आहे."

"अगदी पक्षासारखं बोललात," मी म्हटलं, "ना इकडचे ना तिकडचे!"

तेवढ्यात ती स्वतःच खाली आली. हात पदराला पुसत म्हणाली, "ताई, मला उभं राहायचं आहे. तुम्हाला राग येईल, माहीत आहे. पण मागून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं." आता ह्याच्यावर भांडायचं तरी कसं? तिने आडून काही केलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं.

बैठक रविवारी दुपारी भरली. पुढची खोली गच्च. आमचे आताचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर, एका कानाने कमी ऐकतात, म्हणून ते नेहमी मधोमध बसतात. त्यांनी सांगितलं, दोन नावं आली आहेत, दोघीही एकाच घरातल्या, तेव्हा रीतीप्रमाणे उलटी बाजू. धाकटीने थोरलीची मांडावी, थोरलीने धाकटीची. मग हात वर करून ठरवू.

ती आधी उभी राहिली. मी मांडीवर हात ठेवून बसले होते. मनात म्हटलं, बघूया, एवढी वर्षं एका घरात काढली, काय सांगते. ती म्हणाली, "ताई फार कष्टाळू आहेत. ताईंनी पक्षासाठी पुष्कळ केलंय. ताईंना अनुभव आहे." आणि माझ्याकडे बघत राहिली.

एवढंच? एवढंच! असं तर माणूस शाळेतल्या शिपायाच्या निरोपसमारंभातही बोलतो. पण मी काय म्हणणार? भरल्या सभेत "अजून सांग माझ्याबद्दल" असं म्हणू? माझ्या तोंडून ते आलंच नसतं. मान ताठ ठेवून मी म्हटलं, "हो, हेच." ती खाली बसली.

मग मी उठले. मीही ठरवलं होतं, तीनच वाक्यं. मोजून मापून. मी म्हटलं, "धाकटी मनमिळाऊ आहे. माणसं जोडते. तिच्या हाताला चव आहे." आणि तिच्याकडे बघितलं.

ती गप्प.

मी वाट बघितली. ती माझ्याकडे एकटक बघत होती, पण ओठ हलवीना. अध्यक्ष म्हणाले, "झालं नाही वाटतं अजून. सांगा पुढे." मला वाटलं, हिला नुसते गोड शब्द नकोत, नेमकं काय ते हवंय. बरं. मी म्हटलं, "ती कोणाला 'बघू' म्हणत नाही. होणार असेल तर 'होईल' म्हणते, नसेल तर 'होणार नाही' म्हणते. आणि नाही म्हटलेली माणसंसुद्धा तिच्याकडे पुन्हा येतात."

ती गप्पच.

आता काय करू? रीत म्हणजे रीत, खाली बसता येईना. आणि एकदा तोंड उघडलं की मला थांबता येत नाही, हा माझा जुना स्वभाव. मी बोलत गेले. तिच्या डब्यांत कोणाला मीठ कमी लागतं, कोणाचा उपास कधी असतो, रमजानात कुठला डबा संध्याकाळी आधी पोचायला हवा, हे तिला विचारावं लागत नाही, असं मी सांगितलं. निवडणुकीच्या दिवसांत ती दुसऱ्या पक्षांच्या मांडवातही डबे पाठवते, आणि आमच्या पक्षाला कोणी तिच्या तोंडावर शिव्या दिल्या तर सगळं ऐकून घेऊन विचारते, "जेवलात का?" हेही सांगितलं. तिला मासे कळत नव्हते तेव्हा ती कोळणीच्या शेजारी पायरीवर बसून शिकली. "मी त्या बाईशी भावावरून हुज्जत घालते," मी म्हटलं, "आणि ही तिच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी करते. मग मला शिळे बांगडे मिळतात ह्यात नवल ते काय!" खोली हसली. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तोंडातून शब्द नाही.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की तिच्याबद्दल मला केवढं माहीत आहे. जिन्यावरून उतरताना ती कुठल्या पायरीला थांबते तेसुद्धा. नवऱ्याबद्दल विचारलं असतं तर मला इतकं सांगता आलं नसतं. ज्याच्यावर माया असते त्याला आपण एवढं बघत नाही, ज्याचा हेवा वाटतो त्यालाच बघत राहतो. मी तिला बघत राहिले होते, ती ह्या घरात आली त्या दिवसापासून.

शेवटी जे कोणाला म्हणून सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, "मी कुठल्या घरी गेले, की लोक उठून उभे राहतात. ती गेली, की लोक सरकून तिला बसायला जागा करतात. मला इतकी वर्षं वाटत होतं, की उभं राहणं म्हणजे मोठा मान. आता तुम्हीच ठरवा."

मग ती पुटपुटली, "हो. हेच."

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. हात वर झाले. सगळ्यांचे तिच्याच बाजूने. चाचांनी तर दोन्ही हात वर केले होते, अध्यक्षांनी त्यांना एक खाली घ्यायला लावला. मीही हात वर केला, काय करणार? माझ्याच भाषणावर माझाच अविश्वास दाखवू? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरात गेले आणि ती हिरवी साडी पुन्हा खालच्या कप्प्यात कोंबली. ह्यांनी दारातून विचारलं, "चहा करू का?" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, "नको. धाकटीला विचारा, ती आता उमेदवार आहे."

आणि माझे भोग एवढ्यावर संपले म्हणता? छे! चाचांनी ठरवलं, की थोरल्या वहिनींनी केलेलं तेच भाषण प्रत्येक कोपऱ्यावर व्हायला पाहिजे. आमची निशाणी त्या वेळी इस्त्री होती. आयोगाने दिलेली. मी हातात इस्त्री घेऊन नाक्यानाक्यावर उभी राहायचे आणि तिच्या मिठाचं, तिच्या "जेवलात का"चं, कोळणीचं आणि बांगड्यांचं सगळं पुन्हा सांगायचे. लोक हसायचे तिथे हसायचे, डोळे पुसायचे तिथे पुसायचे. सरकून जागा करण्याचं वाक्य मात्र मी पुन्हा कधी बोलले नाही. ते मी माझ्याकडे ठेवलं.

ती निवडून आली. पक्षाचा इथला एकमेव नगरसेवक म्हणजे ती. मिरवणुकीत तिने मला ओढून पुढे नेलं, माझ्या कपाळाला गुलाल लावला. मी हसले. आमच्यातल्या बायकांना हसता येतंच, पोटात काहीही असो.

मग वर्षभराने नवीन प्रश्न उभा राहिला. आमच्या प्रभागातल्या वरच्या आळीला एप्रिल-मे महिन्यांत नळाला पाणी येत नाही. ती सभेत ओरडून ओरडून दमली, एकटीचं कोण ऐकतो? त्यात एका मोठ्या पक्षाची माणसं आली. आमच्यात या, म्हणाले, पाणीपुरवठ्याचं सभापतिपद देतो. ती खाली येऊन मला म्हणाली, "ताई, मला जायचं आहे." आडपडदा नाही, नेहमीसारखं.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? ही गेली तर पुढच्या वेळी मी. खोटं कशाला बोलू? आणि दुसरा विचार त्याच्या पाठोपाठ आला: म्हणजे आता हिला सभापतीचीही खुर्ची! एक मिळाली ती पुरली नाही? मामंजींनी एवढ्या वेळा पाटी रंगवली, पण घरातलं माणूस खुर्चीसाठी कधी गेलं नव्हतं. मी म्हटलं, "तू गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." ती म्हणाली, "मग बैठकीतच बोलूया."

पुन्हा पुढची खोली, पुन्हा रविवार. ह्या वेळी मी आधी उभी राहिले, कारण ती जायच्या बाजूची आणि मी राहायच्या, म्हणून जायची बाजू मला मांडायची होती. मी वरच्या आळीतल्या बाया मे महिन्यात डोक्यावर कळश्या घेऊन चढ चढतात ते सांगितलं. तत्त्व प्यायला मिळत नाही, पाणी मिळतं, असं म्हटलं. तिने लगेच मान हलवली, "हो, हेच." मला जेमतेम तोंड उघडू दिलं.

मग ती उठली. राहायची बाजू मांडायला, म्हणजे माझी. म्हणाली, "पक्षाने मला उमेदवारी दिली. लोकांनी ह्या निशाणीवर मतं दिली. आपण शब्द पाळला पाहिजे." आणि माझ्याकडे बघितलं.

पुन्हा तीन वाक्यं! पण ह्या वेळी मी शहाणी झाले होते. मी ओठ मिटून बसले. अध्यक्षांनी कान पुढे केला, "काय म्हणाल्या?" चाचा म्हणाले, "काही म्हणाल्या नाहीत. चालू द्या."

ती अडखळली. मग पक्षाच्या धोरणाचं काहीतरी बोलली, मध्यम मार्गाचं, कोणालाही न दुखावता कामं करण्याचं. मी गप्प. ती म्हणाली, "मामंजींनी ही खोली पक्षाला दिली." मी गप्प. तिच्या कपाळावर घाम आला. तिने पदराने चेहरा पुसला, खाली बघितलं आणि एकदम तिच्या माहेरच्या बोलीत सुरू झाली, जी ती रागावली की बोलते.

"मी ह्या घरात आले तवा मला कुणी मत विचारलं न्हाई," ती म्हणाली. "मामंजी पेपर वाचून झाला की ताईंच्या हातात द्यायचे. बैठकीत काय अडलं की म्हणायचे, थोरलीला बोलवा. मी मोरीत भांडी घासत ऐकायची. ताई बाहेर बोलायला लागल्या की खोली गप व्हायची. मला वाटायचं, माझ्या बोलण्यानं एक माणूस तरी असा गप होईल का कधी? इतका जळफळाट व्हायचा माझा, इतका! बोलता तर येत न्हवतं, मग म्हटलं आपल्याला जे येतंय ते करू. म्हणून डबे सुरू केले. ताईंच्या वरचढ व्हायचं म्हणून. पेपर कुणी दिला न्हाई तरी डबा घ्यायला तरी लोक येतील." ती थांबली, श्वास घेतला. "मामंजी आजारी असताना ताई त्यांना रोज पेपर वाचून दाखवायच्या. ज्या पक्षाचा त्यांना सगळ्यात राग, त्याची बातमी आधी, त्यातलं चांगलं काय ते शोधून. मी दाराआड उभी राहून ऐकायची. ते मला कधी जमणार न्हाई. मी ह्या पक्षात पाण्यासाठी न्हवते आले. ताई जिथं बसतात तिथं मला बसायचं होतं. आता दुसरीकडं जाऊन मोठ्या खुर्चीत बसले, तर ती ताईंची न्हवं."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मला "हो, हेच" म्हणायला हवं होतं. खरं तर मघाशीच म्हणायला हवं होतं. अध्यक्षांनी दोनदा बघितलं. पण माझं काय झालं होतं सांगू? मला आनंद झाला होता. असा आनंद मला तिच्या विजयाच्या गुलालात झाला नव्हता, स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. माझा कोणी हेवा करत होतं! आणि तोही कोण, तर ही! तिने अजून बोलावं, रात्रीपर्यंत बोलावं, असं मला वाटत होतं. मी गप्प बसले.

"झालं का हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "थोडं राहिलंय."

ती अजून बोलली. माझ्या अक्षराबद्दल, माझ्या रागाबद्दल, लांज्याहून येताना मी तिच्यासाठी काजूगर आणते पण तिच्या हातात न देता जिन्यावर ठेवून जाते त्याबद्दल. तिला हेही माहीत होतं. शेवटी मी म्हटलं, "हो. हेच."

अध्यक्ष हात वर करायला सांगणार, तोच ती म्हणाली, "राहू द्या, मास्तर. मला माझंच पटलं. मी नाही जात." आणि काय टाळ्या पडल्या! चाचा उठून उभे राहिले. सगळे म्हणायला लागले, ह्याला म्हणतात निष्ठा, ह्याला म्हणतात त्याग. बघा म्हणजे! ती राहिली त्याचंसुद्धा कौतुक तिलाच. मी ह्या पक्षात उभं आयुष्य काढलं, एकदाही जायचं नाव घेतलं नाही, त्याच्या टाळ्या कोणी वाजवल्या? जो जायला निघतो त्यालाच राहिल्याचं बक्षीस मिळतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मीही एकदा चप्पल घातली असती.

लोक गेल्यावर मी कपबशा उचलून आत आणल्या. ती मागोमाग आली, नळ सोडला आणि कप विसळायला लागली. विसळता विसळता तिने विचारलं, "ताई, 'हो, हेच' म्हणायला एवढा वेळ का लावलात? कुठे चुकलं माझं?"

"काही चुकलं नाही," मी म्हटलं. "मला ऐकायचं होतं."

ती हसली. कप पालथा घालत म्हणाली, "मग? त्या वेळी मीसुद्धा तेच केलं होतं."

"कुठल्या वेळी?"

"उमेदवारीच्या. मनमिळाऊ म्हणालात तिथेच मला पटलं होतं. पण एवढी वर्षं झाली, तुमच्या तोंडून माझ्यासाठी एक चांगला शब्द ऐकला नव्हता. म्हटलं, बोलतायत तोवर बोलू द्यावं."

मी तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे ती रडून गप्प झाली नव्हती. गप्प बसायचं तिला सुचलं होतं. त्या दिवशी, त्या खोलीत, ती तीन वाक्यं बोलून माझ्याकडे बघत थांबली होती, तेव्हा मला मेलीला ते का नाही सुचलं?